जुन्या रेकॉर्ड प्लेअरला स्पीकर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून उतरवलेला, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला किंवा आजोबांच्या पश्चात वाट्याला आलेला रेकॉर्ड प्लेअर पुन्हा वाजता करू पाहणारे बहुतेक जण एकाच जागी अडतात: स्पीकर कुठे आणि कसा जोडायचा. गेल्या काही वर्षांत याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे त्यांच्या उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. मात्र ज्यांचे यंत्र व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे आहे, त्यांनी काहीही उघडण्यापूर्वी प्रश्न ८ वाचावा, ही आग्रहाची विनंती आहे.

१. रेकॉर्ड प्लेअरला स्पीकर थेट का जोडता येत नाही?

कारण सुईतून मिळणारी वीज फारच थोडी असते. रेकॉर्डच्या खाचेतून जाताना सुई थरथरते आणि त्या थरथरीचे कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीत, विजेत रूपांतर होते. चुंबकीय कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. याउलट ८ ओहमच्या स्पीकरला केवळ १ वॅटचा आवाज काढायचा असेल, तरी सुमारे २.८ व्होल्ट लागतात, म्हणजे जवळपास सातशे पट. ही वाढ दोन टप्प्यांत होते. फोनो प्रीॲम्प सुईची वीज सुमारे शंभर पट वाढवून तिला ‘लाइन’ पातळीवर, म्हणजे ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आणतो आणि पुढे पॉवर ॲम्प्लिफायर तिला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. कोणतीही तार विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्रातून बाहेर येणारी वीज यांपैकी कोणत्या टप्प्यावरची आहे, हे निश्चित करावे. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

२. माझ्या यंत्रात ॲम्प्लिफायर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आवाज कमी-जास्त करण्याचे बटण असेल, तर आत ॲम्प्लिफायर आहे, असे बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. एचएमव्हीच्या फिएस्टा किंवा कॅलिप्सोसारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये थाळी, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हे सगळे एकत्र असते. रेडिओग्राममध्ये त्यांच्या जोडीला रेडिओही असतो. गॅरार्ड एसपी २५, लेन्को एल ७५ किंवा ड्युअल १०१९ यांसारखी यंत्रे मात्र नुसती टर्नटेबल आहेत. त्यांच्यात मोटर, थाळी आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) एवढेच असते आणि मागून दोन पिनांची तार निघते. अशा टर्नटेबलला आवाजाचे बटण नसते.

३. कर्ण्याच्या, चावी भरून चालणाऱ्या ग्रामोफोनला स्पीकर जोडता येईल का?

नाही. त्यात वीज कुठेच नसते. सुईची थरथर साउंडबॉक्समधील पातळ पडद्याला मिळते आणि कर्णा तोच आवाज मोठा करून ऐकवतो. त्याचा आवाज मोठ्या खोलीत पोहोचवायचा असेल, तर कर्ण्यासमोर मायक्रोफोन ठेवावा. अशा ग्रामोफोनवर प्लॅस्टिकची एल.पी. कधीही लावू नये. त्याच्या जड साउंडबॉक्सखाली आणि पोलादी सुईखाली ती एकदाच वाजवली, तरी तिच्या खाचा कायमच्या खरवडल्या जातात.

४. कार्ट्रिज चुंबकीय आहे की सिरॅमिक, हे दुकानात न नेता समजेल का?

बहुतेक वेळा समजते. सुईच्या बाजूला तिला उलटवणारा छोटा खटका असेल, त्याच्या एका अंगावर ‘७८’ आणि दुसऱ्या अंगावर ‘एल.पी.’ असे लिहिलेले असेल, तर कार्ट्रिज जवळजवळ निश्चितपणे सिरॅमिक किंवा क्रिस्टल आहे. भारतात खपलेल्या बहुतेक पेटीवजा प्लेअरमध्ये तेच असे. टोनआर्म बोटाला चांगला जड लागणे, ही दुसरी खूण आहे. सिरॅमिक कार्ट्रिजला साधारण ३ ते ८ ग्रॅम भार लागतो, तर चुंबकीय कार्ट्रिजला बहुधा १ ते ३ ग्रॅम पुरतो. यानेही उलगडा झाला नाही, तर कार्ट्रिज तारांपासून सोडवून त्याच्या एका बाजूच्या दोन पिनांना डिजिटल मल्टिमीटर लावावा. साध्या चुंबकीय कार्ट्रिजच्या आत तारेचे वेटोळे असल्यामुळे काही शे ओहम दिसतात. सिरॅमिकमध्ये स्फटिकाची पट्टी असल्यामुळे मीटर काहीच दाखवत नाही.

कार्ट्रिजच्या चार तारांचे रंग ठरलेले आहेत: डाव्या बाजूची मुख्य तार पांढरी आणि तिची जोडीदार निळी, उजव्या बाजूची मुख्य तार लाल आणि तिची जोडीदार हिरवी. जुन्या यंत्रात या केसासारख्या बारीक तारांचे आवरण वाळून कडक झालेले असते. त्यांच्या टोकाची क्लिप काढताना तार धरून ओढू नये, चिमट्याने क्लिपच धरावी. तार तुटली, तर ती नव्याने टोनआर्ममधून ओवून घेण्यात अख्खी दुपार जाते.

५. चुंबकीय कार्ट्रिजचे टर्नटेबल आजच्या स्पीकरना कसे जोडावे?

टर्नटेबलच्या मागून निघणाऱ्या तारेच्या दोन पिना (यांना आरसीए म्हणतात) फोनो प्रीॲम्पमध्ये, फोनो प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’मध्ये आणि ॲम्प्लिफायर स्पीकरला, असा हा क्रम आहे. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल, तर प्रीॲम्प त्याच्या आतच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. स्पीकरमध्येच ॲम्प्लिफायर असेल, म्हणजे स्पीकरला स्वतःची विजेची वायर असेल, तर प्रीॲम्पमधून सरळ स्पीकरकडे जाता येते.

प्रीॲम्पचे काम केवळ आवाज वाढवण्याचे नाही. खाच अरुंद राहावी आणि एका बाजूवर अधिक संगीत मावावे, म्हणून रेकॉर्ड कोरतानाच खर्जाचा भाग दाबलेला आणि सुईची खरखर झाकली जावी म्हणून वरच्या पट्टीचा भाग चढवलेला असतो. ही दाबचढ किती असावी, याचे आरआयएए नावाचे प्रमाण १९५४ साली ठरले आणि पुढे सर्वत्र रूढ झाले. प्रीॲम्प नेमके याच्या उलट करतो. २० हर्ट्झला तो आवाज सुमारे १९ डेसिबल उचलतो आणि २० हजार हर्ट्झला जवळपास तेवढाच दाबतो. त्यामुळे चूक झाली की कानाला लगेच कळते. प्रीॲम्प नसेल, तर आवाज अगदी बारीक, पत्र्यासारखा येतो आणि तबल्याचा डग्गा जवळपास नाहीसा होतो. प्रीॲम्प चुकून दोनदा लागला, म्हणजे टर्नटेबलमधलाही चालू आणि ॲम्प्लिफायरमधलाही चालू राहिला, तर आवाज फाटका, घुमणारा आणि चिखलासारखा दाट येतो.

टर्नटेबल ते प्रीॲम्प ही तार दीड मीटरपेक्षा लांब नसावी. लांब तारेच्या धारकतेमुळे (वीज साठवून धरण्याच्या गुणामुळे) चुंबकीय कार्ट्रिजचे वरचे स्वर बदलतात. लांबी हवीच असेल, तर ती प्रीॲम्पच्या पुढच्या तारेत घ्यावी.

६. माझे कार्ट्रिज सिरॅमिक आहे. मलाही फोनो प्रीॲम्प लागेल का?

नाही, आणि तो लावूही नये. सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज शंभर मिलिव्होल्टपासून ते अगदी एखाद्या व्होल्टपर्यंत वीज देते. फोनो प्रीॲम्प यापेक्षा कितीतरी कमी विजेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे आवाज पहिल्या सुरापासून फाटतो. शिवाय या कार्ट्रिजची घडणच अशी असते, की रेकॉर्डवरील दाबचढ बऱ्याच अंशी आपोआप भरून निघते आणि त्याला आरआयएएची गरज राहत नाही.

मग सरळ ‘ऑक्स’मध्ये का घालू नये? घातले, तर आवाज येतो, पण त्यात खर्ज नसतो. सिरॅमिक कार्ट्रिज विजेच्या दृष्टीने एका लहान कंडेन्सरसारखे वागते, ढोबळमानाने ६०० पिकोफॅरडच्या. त्यापुढे आत येणाऱ्या विजेला ४७ हजार ओहमचा रोध असलेला ॲम्प्लिफायर आला, तर सुमारे ५,६०० हर्ट्झच्या खालचे सगळे स्वर उतरत जातात, म्हणजे गायकाच्या आवाजाचा जवळजवळ सगळा पल्ला. तोच ॲम्प्लिफायर १० लाख ओहमचा असेल, तर ही मर्यादा २६५ हर्ट्झपर्यंत खाली येते आणि २० लाख ओहम मिळाले, तर आणखी निम्म्यावर. म्हणूनच जुन्या प्लेअरच्या आतील पहिला टप्पा अशा चढ्या रोधाचा बनवलेला असे.

उपाय दोन आहेत. टीएल ०७२ सारख्या आयसीवर बांधलेले एक छोटे बफर सर्किट, म्हणजे कार्ट्रिजला चढा रोध देणारा मधला टप्पा, कार्ट्रिज आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये बसवावे. लागणारे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. ज्यांना सोल्डरिंगची सवय नाही, त्यांनी गिटारसाठी मिळणारा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स वापरून पाहावा. त्याचा रोध बहुधा १० लाख ओहमच्या घरात असतो. डाव्या-उजव्या बाजूसाठी असे दोन लागतात. सिरॅमिक काढून त्या जागी चुंबकीय कार्ट्रिज बसवावे, हा सल्ला अनेकदा दिला जातो, पण पेटीवजा प्लेअरच्या जड टोनआर्मला ते बहुधा मानवत नाही. मी तो सल्ला देत नाही.

७. पेटीवजा प्लेअरच्या आतल्या स्पीकरऐवजी मोठे स्पीकर जोडले, तर चालेल का?

चालेल, पण ओहम जुळले पाहिजेत. आतील स्पीकरच्या मागे ३, ४, ८ किंवा १५ ओहम असा आकडा छापलेला असतो. बाहेरचा स्पीकर तेवढ्याच किंवा त्याहून थोड्या जास्त ओहमचा असावा, कमी ओहमचा कधीही नसावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की ते मिळून ४ ओहम होतात, आणि एकामागे एक जोडले, की १६. फार वर्षांपूर्वी मी स्वतः ८ ओहमच्या एका ट्रान्झिस्टर प्लेअरला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले होते. पहिली बाजू छान वाजली. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर आवाज भरडा झाला, पेटीतून गरम बेकेलाइटचा वास आला आणि जर्मेनियमचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. त्या नमुन्याचे ट्रान्झिस्टर पुढे कित्येक महिने मिळाले नाहीत.

दुसरी बाब स्पीकरच्या संवेदनशीलतेची, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो याची आहे. या यंत्रांची ताकद १ ते ३ वॅटच असते. ८६ डेसिबलच्या आधुनिक छोट्या स्पीकरमधून ९२ डेसिबलच्या जुन्या स्पीकरएवढा आवाज हवा असेल, तर चौपट वॅट लागतात. म्हणून ‘नवे महागडे स्पीकर लावले आणि आवाज उलट कमी झाला’ ही तक्रार खरी असते. अशा यंत्रासाठी जुन्या रेडिओतील मोठ्या कागदी शंकूचा स्पीकर लाकडी खोक्यात बसवणे अधिक चांगले.

पेटीला भोक पाडून नवे सॉकेट बसवू नये. आतील स्पीकरच्या दोन तारा सोडवाव्यात, त्यांना जोडतार लावून ती झाकणाच्या फटीतून बाहेर काढावी आणि मूळ स्पीकर जागेवरच राहू द्यावा. उद्या कोणालाही ते यंत्र दहा मिनिटांत होते तसे करता आले पाहिजे.

८. व्हॉल्व्हचा रेडिओग्राम आहे. मागून तार काढून बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडू का?

आधी खात्री करा, मगच हात लावा. काही व्हॉल्व्ह यंत्रांत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो आणि भिंतीतील विजेची एक तार सरळ लोखंडी चॅसीला (आतील सांगाड्याला) जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, की अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्ट येतात. तिथून काढलेली आरसीए तार तोच दाब तुमच्या ॲम्प्लिफायरवर आणि तुमच्या हातावर आणते. यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावे व्हॉल्व्हवर दिसली, तर यंत्र बहुधा या प्रकारचे आहे. मात्र ‘ई’ने सुरू होणारी नावे दिसली, म्हणून निर्धास्त होऊ नये. प्लग भिंतीतून काढून, यंत्राचे बटण चालू स्थितीत ठेवून, प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चॅसीपर्यंत मल्टिमीटरने रोध मोजावा. कोणत्याही पिनेला मीटरने शून्य किंवा कोणताही आकडा दाखवला, म्हणजे मार्ग पूर्ण तुटलेला नसेल, तर त्या यंत्राला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (यंत्र भिंतीतील विजेपासून वेगळे ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) बाहेरची कोणतीही तार जोडू नये आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र प्रथमच चालू करताना ते थेट भिंतीत न लावता सिरीज बोर्डवर, म्हणजे ६० किंवा १०० वॅटच्या साध्या, तापणाऱ्या तारेच्या (एलईडी नसलेल्या) बल्बमधून लावावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक आहे. तो पूर्ण प्रकाशाने पेटलेलाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा जुना कंडेन्सर गेलेला आहे. यंत्र तत्काळ बंद करावे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर काढून तो तसाच चालू ठेवू नये. भार नसेल, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब एकदम चढून त्याचे वेटोळे जळू शकते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात हे उलटे असते: त्याला स्पीकर नसलेला चालतो, पण तारांची टोके एकमेकांना टेकलेली चालत नाहीत.

९. ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार वापरता येईल का?

येईल. टर्नटेबलनंतर फोनो प्रीॲम्प (प्रश्न ५) किंवा सिरॅमिकसाठी बफर (प्रश्न ६) आणि त्यापुढे ब्लूटूथ ट्रान्समीटर लावावा. बाजारात ‘रिसीव्हर’ आणि ‘ट्रान्समीटर’ सारखेच दिसतात, येथे ट्रान्समीटर हवा. पेटीवजा प्लेअरच्या स्पीकरच्या तारांतून ट्रान्समीटरला आवाज द्यायचा असेल, तर मध्ये गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारा हाय-टू-लो कन्व्हर्टर लावावा. त्या तारांवरील वीज ट्रान्समीटरला झेपत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रावर हा प्रयोग प्रश्न ८ मधील तपासणीशिवाय करू नये.

१०. सगळे जोडले, पण सतत ‘हं…’ असा आवाज येतो. काय करावे?

टर्नटेबलमधून आरसीए तारेबरोबर एक बारीक सुटी तार निघते. ती ॲम्प्लिफायर किंवा प्रीॲम्पवरील ‘ग्राउंड’ स्क्रूला घट्ट आवळावी. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. टोनआर्मला बोट लावताच आवाज बदलत असेल, तर दोष याच तारेत आहे, असे समजावे. ती जोडूनही घरघर राहिली, तर टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून फूटभर दूर सरकवावे, आरसीए पिना काढून त्यांची काळवंडलेली टोके स्वच्छ करावीत आणि सर्व उपकरणे एकाच विस्तार-बोर्डवर लावावीत. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय काही जण सांगतात. तो कोणीही करू नये.

११. तारेच्या टोकाला गोल, पाच पिनांचा प्लग आहे. तो कशात बसतो?

हा डिन प्लग आहे आणि तो जुन्या युरोपीय यंत्रांत सर्रास असे. पाच पिना अर्धवर्तुळात असतात. मधली, २ क्रमांकाची पिन ग्राउंड, ३ क्रमांकाची डावी बाजू आणि ५ क्रमांकाची उजवी बाजू. डिन ते आरसीए अशी तयार तार मिळते, मूळ प्लग कापू नये. मात्र यातील काही तारा टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करण्यासाठी १ आणि ४ या पिनांना जोडलेल्या असतात. त्या लावल्या, तर आवाजच येत नाही. दोन पिनांचा, एक चपटी आणि एक गोल पिन असलेला प्लग स्पीकरचा असतो. त्यातील गोल पिन साधारणतः ‘प्लस’ असते.

१२. दोन स्पीकर लावले, पण आवाज पोकळ येतो, खर्ज गायब आहे. प्रीॲम्प तर लावलेला आहे.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्जाचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात. जुन्या स्पीकरवरील लाल ठिपका उडालेला असेल, तर १.५ व्होल्टचा साधा सेल घेऊन स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवावा. शंकू बाहेर आला, तर सेलचे ‘प्लस’ जिथे टेकले, तीच स्पीकरची ‘प्लस’ बाजू आहे.

१३. आवाज वाढवला की यंत्र घुमू लागते किंवा कुई करते. स्पीकर खराब आहे का?

नाही. स्पीकरची थरथर टेबलातून पुन्हा सुईपर्यंत पोहोचते आहे. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर किंवा एकाच फळीवर ठेवू नयेत.

१४. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले टर्नटेबल आहे. कन्व्हर्टर लावूनही गाणी रेंगाळतात. दोष जोडणीत आहे का?

जोडणीत नाही. कन्व्हर्टर २३० व्होल्टचे ११० करतो, पण विजेची वारंवारिता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. जुन्या पट्ट्याच्या किंवा रबरी चाकाच्या टर्नटेबलची एसी मोटर या वारंवारितेवरच फिरत असल्याने ३३ १/३ फेऱ्यांऐवजी मिनिटाला २७.८ फेऱ्याच होतात. गाणे तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक खाली उतरते, काळी चारमधील गायक पांढरी चारच्याही थोडा खाली गाताना ऐकू येतो. उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरील पुली ५० हर्ट्झची बसवणे. अनेक कंपन्या दोन्ही पुली बनवत असत. डीसी मोटरवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला हा प्रश्न येत नाही, त्यांना फक्त व्होल्टेज योग्य लागते. खात्रीसाठी ५० हर्ट्झची, १८० रेघांची स्ट्रोब चकती थाळीवर ठेवून साध्या पिवळ्या, तापणाऱ्या तारेच्या बल्बखाली पाहावी. रेघा स्थिर दिसल्या, तर गती अचूक आहे.

१५. घरात लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डही आहेत. त्याच जोडणीवर त्या वाजतील का?

जोडणी तीच चालेल, सुई चालणार नाही. ७८ च्या रेकॉर्डची खाच एल.पी.च्या तुलनेत कितीतरी रुंद असते. तिच्यासाठी सुमारे ३ मिल, म्हणजे इंचाचे तीन सहस्रांश टोक असलेली सुई लागते, एल.पी.ची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक असते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसटत जाते, खरखर वाढवते आणि स्वतःही लवकर झिजते. भारतात ७८ च्या रेकॉर्ड पाश्चात्त्य देशांपेक्षा उशिरापर्यंत, १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे मराठी घरांतून त्या आजही मोठ्या संख्येने सापडतात. त्यांच्यासाठी वेगळी सुई घेणे सर्वथा योग्य आहे.

यात एक बारकावा आहे. १९५४ पूर्वीच्या रेकॉर्ड आरआयएएच्या प्रमाणाने कोरलेल्या नाहीत आणि प्रत्येक कंपनीचे माप निराळे असे. साध्या प्रीॲम्पमधून त्या मंद आणि दबलेल्या वाटतात. ॲम्प्लिफायरचे ट्रेबल थोडे वाढवून, बास किंचित उतरवून कानाला योग्य वाटेल तिथे थांबावे. शिवाय या सगळ्या रेकॉर्ड मोनो आहेत. ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’चे बटण असेल, तर ते दाबावे. खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर दोन्ही बाजूंत परस्परविरुद्ध असते आणि त्या बाजू एकत्र होताच ती बरीचशी नाहीशी होते. उलट प्रकारात मात्र सावध राहावे: जुने मोनो कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर चालवू नये. त्याची सुई बहुधा उभी हलू शकत नाही आणि खाचेचा तो भाग कापत जाते.